पाय काढ

सुट्टीच्या दिवशी गॅरेजचं शटर अर्धंच उघडायचं, हा थोरल्याचा नियम. अर्ध्या शटरखालून वाकून येईल तो घरचा माणूस, असं तो म्हणायचा. त्या दुपारी वाकून आला तो त्याचा मेहुणा. बायकोचा सख्खा भाऊ आणि गॅरेजातला भागीदार. हात काळे करायचं काम थोरल्याचं, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं मेहुण्याचं.

"भाऊजी, माझ्या गाडीचं तेवढं बघा ना. रेस दिली की टकटक करते. संध्याकाळी घेणारा येतोय, आणि बाहेरच्या एकाही मिस्त्रीला सापडेना."

"घरचा मिस्त्री सोडून गावभर हिंडलास होय?" थोरला हसला. मेहुणा काही हसला नाही.

गाडी आत घेतली, तोंड भिंतीकडे. गाड्यांखाली उतरायचा खड्डा पूर्वी जिथे होता, नेमकी तिथेच ती उभी राहिली. खड्डा आता नव्हता. गेल्या वर्षी थोरला सुटे भाग आणायला परगावी गेला होता, तेव्हा धाकटा भाऊ न सांगता निघून गेला. "दादाच्या हाताखाली किती दिवस राबू, म्हणाला," हा निरोप मेहुण्यानेच दिला. खड्ड्यात पाणी झिरपतंय म्हणून त्याने तो अर्धा भरूनही ठेवला होता. वरचं सिमेंट मात्र थोरल्याने स्वतः कालवलं, स्वतःच्या हाताने गुळगुळीत केलं. मग धाकट्याला शोधत कुठेकुठे फिरला आणि हात हलवत परत आला. "विसरा आता त्याला," बायको म्हणाली. ज्याला बोट धरून गॅरेजात आणलं, पाना कसा धरायचा ते शिकवलं, त्याने असे पांग फेडावेत! थोरल्याने त्याचं नाव टाकलं.

तो कामाला लागला. टाकीतलं पेट्रोल काढून चांगलं भरलं. प्लग बदलले, टायमिंग जुळवलं, इंजीन ज्यांच्यावर बसतं ते रबर हलवून पाहिले. टकटक होती तशीच. पाय जड केला की सुरू, पाय काढला की गप्प.

"बेअरिंग गेलं असेल," मेहुणा म्हणाला.

"बेअरिंग इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाजतं. रेस वाढली की तेही भरभर वाजणार. हे आपल्याच लयीत वाजतंय."

त्याने लांब पेचकस घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानाला. डॉक्टरची नळी असते तशी ही मिस्त्रीची. मेहुण्याने आत बसून रेस दिली. इंजीन ठणठणीत होतं. थोरला आडवा होऊन गाडीखाली सरकला आणि पेचकस सांगाड्याला लावला. तिथेही काही नाही. बाहेर निघता निघता, का कोण जाणे, त्याने टोक जमिनीला टेकवलं.

टक टक... टक.

अगदी स्वच्छ. आणि वर्षभर सुकलेल्या त्या जमिनीतून ओल्या सिमेंटचा वास आला.

ही खूण थोरल्याचीच होती. एकजण गाडीखाली, दुसरा पेडलवर, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून खालच्याने पाना आपटायचा. एक ठोका म्हणजे रेस दे. दोन ठोके आणि थांबून एक म्हणजे पाय काढ, मी अडकलोय. धाकट्याला त्यानेच शिकवलं होतं. मेहुण्यालाही.

तो बाहेर आला आणि हात पुसत शांतपणे म्हणाला, "तू पुढे उभा राहा. पेचकस जमिनीला लाव. मी रेस देतो."

मेहुणा बॉनेट आणि भिंतीच्या मधे वाकला. थोरल्याने पाय दाबला. काचेतून त्याला मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडताना दिसला.

"ऐकलंस?"

मेहुण्याने पेचकस कानापासून दूर केला.

"काय म्हणतंय ते?"

"भाऊजी... तेव्हा रेडिओ चालू होता हो." पेचकस त्याच्या हातातून गळला. "मला ऐकूच आलं नाही. हीच गाडी, गिअरमध्येच राहिली होती... जॅकवरून उडाली..."

थोरल्याने इंजीन बंद केलं. किल्ली काढून मुठीत धरली.

"हिला ठाऊक आहे?"

"ताईच म्हणाली... आता बोलून तो परत येणार आहे का? तुम्ही खचाल म्हणून..."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! परक्याने मारलं असतं तर सोसलं असतं. इथे घरच्यांनी केसाने गळा कापला होता, रोज पुढ्यात ताट वाढून, रोज याच जमिनीवर त्याच्याबरोबर उभं राहून. आणि त्याने शिव्या घातल्या त्या कुणाला? पायाखाली पडलेल्या, पोरासारख्या आपल्या धाकट्याला. थोरल्याला रडू आलं नाही. आतून नुसतं जळत गेलं.

गाडी बंद होती. गॅरेजात चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला.

टक.

थोरला वाट पाहत राहिला. दुसरा ठोका आला नाही. एकच.

मेहुण्यानेही तो ऐकला. बॉनेटवर दोन्ही हात टेकून तो तसाच उभा राहिला. "भाऊजी... पाय..."

थोरल्याने पाय केव्हाच सीटवर ओढून घेतले होते. 'बाजूला हो' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि त्याने ते गिळले.

खाली, कुणाचाही पाय नसलेलं पेडल सावकाश दबत चाललं होतं.