केरूअण्णांचा जुना कागद

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण योगिनी माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि तिच्या दंडावरचे ते पाच वळ मी या डोळ्यांनी पाहिलेत. बाकीचं तिनं सांगितलं तसंच लिहिते. माझ्या पदरचं काही नाही.

आधीच सांगते, यात रात्र नाही. अमावस्या नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, चारच्या सुमाराला. पिंपळगाव बसवंतला, हायवेपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात. बाहेर द्राक्षांचे टेम्पो हॉर्न मारत होते आणि आत...

आत केरूअण्णा चालत होते.

अण्णांना जाऊन तेव्हा एकवीस दिवस झाले होते. एप्रिल २०२५.

केरूअण्णा म्हणजे योगिनीचे वडील. एका टेम्पोचे सहा टेम्पो केलेला माणूस. घर स्वतः बांधलं, दाराला काळ्या दगडाचा वीतभर उंच उंबरा बसवला. माणूस तापट. तोंडी बोलण्यावर विश्वास नाही, सगळं कागदावर हवं.

२०१२ साली योगिनीनं पेठच्या राकेशशी लग्न केलं. जात वेगळी, वर डोंगरातला. अण्णांनी तिला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर ढकललं आणि दुसऱ्याच दिवशी मृत्युपत्र केलं. घर पुतण्याला, दिनेशला. वर स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या. वकीलबाई म्हणाल्या, "अण्णा, असलं नका लिहू, याला काही अर्थ नसतो." अण्णा म्हणाले, "मला हाय ना अर्थ."

त्या ओळी अशा होत्या...

"योगिनी मला मेली. तिने माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नये. ठेवल्यास, मी जिवंत असो वा नसो, तिला मी स्वतः बाहेर काढीन."

खाली सही. दोन साक्षीदार. सगळं रीतसर.

मग २०२० साली अण्णांची डावी बाजू गेली. दिनेश पुण्याला अडकलेला. धावून आली ती योगिनी. राकेश आणि चार वर्षांच्या रोहिणीला घेऊन. पाच वर्षं तिनं अण्णांना न्हाऊमाखू घातलं. अण्णा वॉकर धरून पाय ओढत चालायचे, नातीला मांडीवर घेऊन मनुके भरवायचे आणि लेकीकडं बघून रडायचे.

"योगे, तो कागद बदलायचाय गं."

"बदला की अण्णा. वकीलबाईंना बोलवू?"

"पितृपंधरवडा होऊ दे."

पितृपंधरवडा झाला. मग छाटणीची गडबड. मग द्राक्षांचा सीझन, टेम्पोला उसंत नाही. मग चातुर्मास. माणूस तोंडानं शंभरदा म्हणत होता, हे घर तुझं. शेवटी वकीलबाईंनी नवीन कागद टाईप करून आणला. एक साक्षीदार हजर, दुसरा येवल्याला लग्नाला गेलेला.

"सोमवारी करू," अण्णा म्हणाले.

शनिवारी गेले.

आता तुम्हाला वाटेल, पुतण्यानं घर बळकावलं. नाही हो. दिनेश सोन्यासारखा पोरगा. तेराव्यालाच म्हणाला, "ताई, तू राहा इथंच. माझ्या नावावर झालं की बक्षीसपत्र करून देतो. काकांची इच्छा मला काय माहीत नाय का?"

जिवंत माणसांचं सगळं मिटलं होतं.

एकविसाव्या दिवशी दुपारी योगिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आतल्या खोलीतून आवाज आला...

थाड. थाड. थाड.

पावलं. जड, भरभर, टाच आपटत. आतल्या खोलीतून हॉलमध्ये आली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. हॉलमध्ये कुणीच नाही. पण तिच्या चपला, ज्या आतल्या रॅकमध्ये होत्या...

त्या उंबऱ्याच्या बाहेर होत्या.

दुसऱ्या दिवशी तिचा चहाचा कप. मग तिची औषधाची पिशवी. मग तिची उशी. सगळं नीट, न फेकता, उंबऱ्यापलीकडं ठेवलेलं. आतून हात लांबवला तर पुरेल एवढ्याच अंतरावर.

राकेशच्या वस्तूंना धक्का नाही. रोहिणीच्याही नाही.

भुताची भीती वाटली नाही, म्हणाली ती. बापाचं भूत, त्याला काय भ्यायचं? भीती वाटली ती चालीची. पाच वर्षं तिनं ऐकलेली चाल वेगळी होती, पाय ओढणारी. ही चाल तिनं तेरा वर्षांपूर्वी ऐकली होती.

तिला ढकलायला आलेल्या माणसाची.

राकेश म्हणाला, "चल, पेठला आपलं घर हाय की. कशाला जीव टांगायचा?"

"नाही जायची. गेले तर त्यांनी मला दुसऱ्यांदा हाकललं असं होईल. हे घर तुझं म्हणाले होते ते मला."

"म्हणाले होते गं. लिहिलं नव्हतं."

तिला ते लागलं. पण ती हलली नाही. बापाचीच लेक.

त्याच आठवड्यात रोहिणी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि सहज म्हणाली...

"आई, आजोबा असं काय करतात? काल आतल्या खोलीत मला विचारलं, तू कुणाची?"

योगिनीनं तिला जवळ ओढलं.

२०१२ च्या कागदात रोहिणी नव्हतीच. तेव्हा ती जन्मलीच नव्हती.

"तू काय सांगितलंस?"

"योगिनीची म्हटलं. तर डोळे मोठे केले त्यांनी."

त्या दिवसापासून रोहिणी शाळेतून परस्पर शेजारी जाऊ लागली. आणि नंतरच्या मंगळवारी योगिनीचा दुपारी जरा डोळा लागला. पलंगावर. पंख्याखाली.

जाग आली ती उन्हानं. पाठीखाली तापलेली फरशी.

ती ओट्यावर होती. दाराबाहेर. कोपर सोललेलं. आणि डाव्या दंडावर...

पाच बोटं. काळीनिळी.

तोच दंड. तीच जागा.

तरी बाईनं घर सोडलं नाही. उलट चिडली. म्हणाली, कागदाचा माणूस आहे ना? मग कागदच दाखवते. दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं असताना ती हॉलमध्ये मधोमध बसली. हातात तो नवीन, टाईप केलेला, बिनसहीचा कागद.

पावलं आली.

ती मोठ्यानं वाचू लागली. "मी केरू, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून देतो की, माझी मुलगी योगिनी हिने माझी मनापासून सेवा केली आहे. मागचा सर्व राग मी सोडला आहे..."

पावलं थांबली. अगदी समोर. तिला तंबाखूचा वास आला. शेवटची पाच वर्षं अण्णांनी तंबाखूला हात लावला नव्हता.

ती वाचत राहिली. रडत रडत शेवटापर्यंत वाचलं.

मग कागद तिच्या हातातून हळूच कुणीतरी काढून घेतला. हिसकावला नाही. एखादा कारकून घेतो तसा. कागद हवेत तसाच राहिला. वरची बाजू, मग खालची बाजू. जिथं सही असते ती जागा...

कोरी.

कागदाचे दोन तुकडे झाले आणि ते उंबऱ्याबाहेर पडले.

हे सांगताना योगिनी मला म्हणाली, "ताई, राग सोडलेले अण्णा पाच वर्षं माझ्याजवळ होते. मग मेल्यावर ते का नाही येत? हाच का येतो?"

एकाकडं सही होती, दुसऱ्याकडं नव्हती.

मग तिनं तिच्या डोक्यानं जे केलं ते ऐका. कागदात काय लिहिलंय? उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नये. बरं. उंबराच नसला तर?

तिनं पुंजा मिस्त्रीला बोलावलं.

"उंबरा काढायचा?" पुंजानं डोकं खाजवलं. "चांगला दगड हाय की ताई. काय खुपतोय?"

"वॉशिंग मशीन अडतंय."

"मशीन आत गेलं की परत बसवू मंग."

"परत नको. घेऊन जा तुम्हीच."

पुंजा खूश. पहारीनं तासाभरात दगड उखडला. आतल्या खोलीत काहीतरी आपटल्यासारखं झालं. एकदाच. पुंजा म्हणाला, "मांजर असंल." दगड हातगाडीवर टाकून तो गेला आणि चार वाजले.

काही नाही.

दुसऱ्या दिवशी काही नाही. नऊ दिवस काही नाही. कप जागेवर, उशी जागेवर. रोहिणी घरी येऊ लागली. योगिनीनं मला फोन करून सांगितलं, "जिंकले गं!" कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

दहाव्या दिवशी ती बाजारात कोथिंबीर घेत होती. भर गर्दी. चार वाजले असतील...

थाड. थाड. थाड.

घराच्या बाजूनं. रस्त्यावरून.

माणसं बोलत बोलत बाजूला होत होती. कुणाला तरी वाट द्यावी तशी. आपण का सरकलो हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. गर्दीत एक फट पडत गेली, सरळ तिच्याकडं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पावलं रोज उंबऱ्यापाशी थांबायची. वस्तू हात पुरेल तेवढ्याच लांब असायच्या.

तो दगड तिला अडवत नव्हता. त्यांना अडवत होता.

कोथिंबीर तिथंच टाकून ती पळाली. त्याच संध्याकाळी राकेशनं तिला आणि रोहिणीला पेठला नेलं. पुंजाला शोधून तो दगड परत मागितला, तर त्यानं तो फोडून कुणाच्या घराच्या पायात भरला होता.

तीन दिवसांनी दिनेशचा फोन आला. "ताई, मी घरी झोपलो दोन दिवस. एकदम शांत हाय गं! गेले काका."

"हो," योगिनी म्हणाली. "निघालेत."

पेठच्या घराला तिनं पहिल्याच दिवशी उंबरा बसवून घेतला. दुप्पट उंच. सासूबाई वैतागल्या, "गुडघं दुखत्यात माझं, कोण वलांडील हा डोंगर?" योगिनीनं ऐकलं नाही.

बरेच दिवस शांततेत गेले. पिंपळगाव ते पेठ अंतर काही थोडं नाही, मध्ये घाट आहे.

मग एके दिवशी तिचा फोन आला. चारला पाच-सहा मिनिटं असतील. आवाज अगदी हळू.

"ताई, आलेत."

"आत?"

"नाही. आत येता येत नाही त्यांना. उंबऱ्यापलीकडं बसलेत. तंबाखू मळतायत, वास येतोय." ती थांबली. "मला घराबाहेर काढायला निघाले होते ना? आता मला बाहेर पाऊलच टाकवत नाही."

मी म्हणाले, उद्याच येते.

ती दचकली. "येऊ नको. तू आत येशील कशी? दारातच बसलेत ते."

आज चार दिवस झाले. मी अजून गेलेले नाही.