मूळ प्रतीला हात कुणी लावला

सोमवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी बेचाळीस माणसं एकदम खुळी झाली.

निदान लांबून तसंच दिसत होतं. जो तो माउस दाबत होता आणि भलतंच काहीतरी उघडत होतं. अक्षरं एवढी मोठी झाली होती, की पडद्यावर 'सुप्र' मावलं होतं आणि 'भात' बघायला पडदा सरकवावा लागत होता. आणि नळांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, ज्याच्या जिवावर हे अख्खं ऑफिस चालायचं, ते गायब.

कुलूपताईला मोठ्या साहेबांच्या खोलीत बोलावलं गेलं, तेव्हा तिनं अजून पर्ससुद्धा टेबलावर ठेवली नव्हती. ऑफिसचे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. कुणी परवानगी मागायला आलं की तिचा पहिला शब्द 'कशाला?' असायचा, म्हणून हे नाव.

मोठ्या साहेबांनी टेबलावरचं पत्र उचललं, हातभर लांब धरलं आणि शेजारी उभ्या असलेल्या उपसाहेबांकडे दिलं. "तुम्हीच वाचा. माझ्या तोंडून बरं दिसत नाही."

उपसाहेबांनी वाचलं. मूळ प्रतीत बदल करायची परवानगी एकट्या तिला होती, सबब चूक तिची, सबब ती कबुली देऊन राजीनामा देत आहे.

"मी देतेय का? मला आत्ताच कळलं," कुलूपताई म्हणाली.

मोठ्या साहेबांनी उजव्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बारापर्यंत सही करा. नाहीतर आम्ही काढून टाकू, आणि शेरा असा मारू की दुसरीकडे कुणी दारात उभं करणार नाही."

"आधी दुरुस्त करू द्या. जुनी प्रत आहे माझ्याकडे. वीस मिनिटांचं काम."

"तुमचे सगळे अधिकार सकाळीच गोठवलेत," उपसाहेब म्हणाले.

"मग दुरुस्त कोण करणार?"

यावर दोघांनीही विचार केलेला नव्हता, हे स्वच्छ दिसलं.

"वाचायची परवानगी तरी आहे ना?"

"ती सगळ्यांनाच आहे."

"बास झालं. बाराला भेटू."

आता ही मूळ प्रत काय चीज होती? त्या ऑफिसात कुणाच्याच टेबलावर खरा कॉम्प्युटर नव्हता. पडदा, कीबोर्ड, माउस, बस्स. कॉम्प्युटर म्हणजे तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये ठेवलेली एक भलीमोठी फाइल. तिला कुणी डिस्क इमेज म्हणे, कुणी मूळ प्रत. रोज सकाळी प्रत्येक जण तिची नक्कल उघडायचा, दिवसभर वापरायचा, संध्याकाळी ती नक्कल फेकली जायची. वाचायची परवानगी असलेल्यानं आपल्या नकलेत काहीही गोंधळ घातला तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. पण बदलायची परवानगी असलेल्यानं मूळ प्रतीत एक खिळा ठोकला, की तो उद्या बेचाळीस भिंतींत.

कुणीतरी तीन खिळे ठोकले होते. उलटा माउस, मोठी अक्षरं, हरवलेलं सॉफ्टवेअर.

कुलूपताई थेट रेघेकडे गेली. रेघ म्हणजे ऑफिसातली सगळ्यात हुशार आरेखक, हाडाची डावखुरी. दोघींचं गेल्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं, परवानगीवरूनच.

"बटणं उलटी करून माउस डाव्या हाताचा केलाय कुणीतरी," कुलूपताई म्हणाली.

"म्हणजे मी केलाय, असंच ना? बोल की सरळ."

"तू केलायस?"

"मी केला असता तर ही बाराखडी लावली असती का? मला अख्खा वॉर्ड एका पडद्यावर लागतो. इथे एक नळ मावत नाहीये. आणि माझंच सॉफ्टवेअर मी कशाला उडवू? घरी बसून स्वेटर विणायला?"

"शनिवारी-रविवारी कुठे होतीस?"

"सासूबरोबर. त्यापेक्षा तुरुंग बरा. लिहून घे."

कुलूपताईनं लिहून घेतलं नाही, पण पटलं.

दारापाशी शिपाईमामा जाड भिंगांचा चष्मा सारखा करत पडद्याकडे कौतुकानं बघत होते. "ताई, काहीही म्हणा, अक्षर झकास झालंय. आज हजेरी मला कुणाला न विचारता वाचता आली."

"मामा, माउस कुठल्या हातानं धरता?"

"उजव्या. पण आज तो माझं ऐकतच नाही."

रेघेचा हात जुळत होता, डोळे नाही. मामांचे डोळे जुळत होते, हात नाही. आणि नकाशांवर चालणाऱ्या ऑफिसात नकाशाचं सॉफ्टवेअर अडगळ म्हणून फेकतो कोण? ज्याला जन्मात एकही नकाशा काढावा लागत नाही तो.

तिची नजर सूचनाफलकावर गेली. चार टाचण्या आणि कागदाचा एक फाटका कोपरा.

"मामा, मी शुक्रवारी सकाळी परवानग्यांचा तक्ता लावला होता इथे."

"दुपारीच काढला. उपसाहेबांनी सांगितलं, ताबडतोब फाडा. मला वाईट वाटलं हो. 'फक्त वाचन'च्या रकान्यात मोठ्या साहेबांच्या खाली लगेच माझंच नाव होतं. बायकोला दाखवायला फोटो काढणार होतो."

कुलूपताई जागच्या जागी थांबली. या ऑफिसात खुर्चीच्या पाठीची उंचीसुद्धा हुद्द्याप्रमाणे ठरायची. आणि तिनं मोठ्या साहेबांना शिपायाच्या रकान्यात बसवून त्यावर चार टाचण्या मारल्या होत्या.

बाराला पाच कमी असताना तिनं दोघा साहेबांना हॉलमध्ये बोलावलं. बेचाळीस जण उठून उभे राहिले.

"सही करते," ती म्हणाली. "पण साहेब, माझ्या माथी जे मारताय ते एकदा स्वतः बघून घ्या. ते सॉफ्टवेअर कचरापेटीत पडलंय का, उघडून बघा."

सही मिळतेय म्हटल्यावर मोठे साहेब खुशीत होते. ते जवळच्याच एका पडद्यासमोर खुर्चीत बसले. माउस उचलून कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला, टक्‌ टक्‌ केलं आणि कचरापेटी उघडली. मग दुसऱ्या ओळीवरचं नाव मोठ्यानं वाचलंसुद्धा. "हे काय, पडलंय की."

बेचाळीस नजरा त्या माउसवर गेल्या.

"साहेब," कुलूपताई म्हणाली, "सकाळपासून इथे एकालाही पहिल्या झटक्यात कचरापेटी उघडता आलेली नाही. रेघ सोडून. आणि रेघेला ही अक्षरं नकोत."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"हा कॉम्प्युटर तुमच्या मापाचा शिवलाय. हात तुमचा, डोळे तुमचे, चष्मा न लावायचा हट्ट तुमचा. चिठ्ठीसुद्धा तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घेता. नकाशाचं सॉफ्टवेअर तुम्हाला कधी लागलं नाही, म्हणून तुम्ही ते झाडून काढलंत. बदलायची परवानगी मात्र तुम्हाला नव्हती. ती शुक्रवारी कुणीतरी दिली." ती उपसाहेबांकडे वळली. "माझ्याखेरीज परवानगी देऊ शकणारा या इमारतीत एकच माणूस आहे. कुणाला दिलीत?"

"मी फक्त आदेश पाळला."

"काय होता आदेश?"

उपसाहेबांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं, मग बेचाळीस चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हिशोब केला. "साहेब म्हणाले, नकला शिपायाला द्या. मला अस्सल पाहिजे."

"म्हणजे सुट्टीच्या दोन दिवसांत त्यांनी घरून अस्सल उघडलं आणि आपल्या सोयीनं लावून घेतलं. तुम्ही आज सकाळी त्यांचं नाव परवानगीतून काढलंत, म्हणजे यादीत एकटी मीच उरले. बरोबर?"

"नऊ दहाला काढलं," उपसाहेब म्हणाले. वेळ कुणी विचारलीही नव्हती.

मामा हळूच म्हणाले, "म्हणजे अक्षरं पुन्हा लहान होणार."

"तुमच्या नकलेत मोठी करून देईन मामा. रोज. साहेबांच्याही."

तिचे अधिकार परत मिळाले. वीस मिनिटं म्हणाली होती, अठरा लागली. मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज एकदम घरगुती केला. "झालं ते झालं. ते पत्र फाडलं मी. तुम्हीही हे आता या खोलीतच राहू द्या."

"उशीर झाला. काय घडलं, कुणी केलं आणि मला का काढणार होतात, ते सगळं लिहून मूळ प्रतीतच ठेवलंय. उद्यापासून प्रत्येकाच्या पडद्यावर दिसेल. आणि प्रतीत बदल करायचा तर आता माझ्याबरोबर रेघेचीही मंजुरी लागेल. तिला विचारून बघितलं, ती नाही म्हणतेय."

"पुसून टाका ते. मी सांगतोय."

"मला एकटीला पुसता येत नाही," कुलूपताई म्हणाली आणि दार उघडून धरलं. "आणि तुम्हाला फक्त वाचता येतं."