अक्षरांतला ज्ञानेश

दाराला कडी घाला आणि बसा नीट. ही गोष्ट ऐकीव आहे, पण फार लांबून आलेली नाही. आपल्या चिंचवडच्या आळीतल्या भिमाबाईचा सुजित, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली. सांगताना रडला नाही, घाबरला नाही. भाजीचा भाव सांगावा तशी सांगितली.

पौषातली अमावास्या, शनिवार. सुजित चाकणला रात्रपाळीला निघाला होता. वाटेत मोशीला विजयश्रीच्या खोलीवर थांबला. ज्ञानेशची बायको ती. ज्ञानेश त्याचा जिवाभावाचा दोस्त, त्याच कंपनीत प्रेसवर कामाला. महिन्यामागं पाळी सुटली आणि नाशिक रस्त्यावर डंपरखाली गेला. चेहरा असा राहिलाच नव्हता. ओळख पटवली सुजितनं, आणि वहिनीसमोर चादर उघडू दिली नाही.

चांगल्यासाठीच केलं, पण तिथंच चुकलं. तोंड बघितल्याशिवाय माणूस गेला असं मन मानतं का? विजयश्री रडली नाही. दहावं झालं, तेरावं झालं. रोज नवऱ्याचं ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. स्वतः घासही तोंडात घालायची नाही. गळ्याची हाडं वर आली होती.

"भावजी, चादरीखाली कोन होतं?" तिनं विचारलं. ती लातूरकडची.

"तोच होता, वहिनी."

"तुमी म्हणता. म्या न्हाई बघितलं. कंपनीच्या दारावर क्यामेरा हाय ना? भाईर पडताना त्येंचं तोंड एकडाव दावा मला. मग म्या जेवते."

सुजित बरं म्हणाला आणि गाडीला किक मारली.

बरं म्हणणं सोपं होतं. कॅमेऱ्याची चित्रं ज्या मशीनमध्ये साठतात ते सांभाळायचं काम सुजितचंच. पण महिना भरला की मशीन चित्रं आपोआप पुसतं, आणि ज्ञानेश गेला त्या रात्रीला येत्या पहाटे महिना भरत होता. त्यात कंपनीत मोबाईल नेता येत नाही, तो गेटवर जमा करावा लागतो, म्हणजे पडद्याचा फोटोही काढता येणार नव्हता.

गेटवर धोंडीबा होता, चाकणचाच, जमिनी गेल्यावर वॉचमन झालेला.

"एवढा शिकलास, तरी तुला रातपाळी. मलाबी रातपाळी. मग शाळा कशाला केलीस रं?" मोबाईल घेताना तो म्हणाला.

"तुमच्या संगतीसाठी, काका."

"व्हय व्हय. जा आत, थंडी लय हाय."

मशीनची खोली लहान, गार. आणि त्या मशीनला चित्र दाखवायचं अंगच नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. पण सुजितला एक विद्या येत होती. चित्रात जिथं अंधार तिथं जागा मोकळी, उजेड तिथं भरीव चौकोन, अधलंमधलं असेल तिथं बारीक चिन्हं. ओळीखाली ओळ अशी सगळी अक्षरंच. दोसुतीवर टाके घालून आपण मोर भरतो ना, तसं. जवळून नुसत्या फुल्या, लांबून मोर. ज्ञानेशला मागं एकदा त्याचाच फोटो असा काढून दाखवला, तर तो म्हणाला होता, "भावा, नाक कुठं ठेवलंस माझं?"

त्या रात्रीचं चित्र सापडलं. सुजितनं हुकूम दिला. वरून एकेक ओळ उतरू लागली. गेट. दिव्याचा खांब. माणूस.

पाठमोरा.

कॅमेरा आत येणाऱ्यांची तोंडं बघतो. बाहेर जाणाऱ्यांच्या पाठी. एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नव्हती. चित्र एकच होतं आणि पहाटे तेही पुसलं जाणार होतं. सुजितला वहिनीच्या गळ्याची हाडं आठवली. तो पडद्याकडं बघून हळूच म्हणाला,

"ज्ञान्या... जरा इकडं बघ ना."

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये. आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुजितलाही ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं.

तेच चित्र त्यानं पुन्हा काढलं.

गेट. खांब. माणसाचा कान. गाल.

सुजितनं डोळे चोळले. पुन्हा काढलं.

गेट. केस. कपाळ...

इथं ओळी थांबल्या. खाली कुठला चेहरा उतरणार? रोजचा, की चादरीखालचा? सुजितला भीती वाटत नव्हती, म्हणाला. काहीच वाटत नव्हतं.

डोळे उतरले. नाक. हनुवटी. धडधाकट ज्ञानेश, पाठ तशीच, मान वळवून सरळ समोर बघत.

मग कुणी हुकूम दिला नाही... तरी ओळी पुन्हा उतरू लागल्या. चेहरा मोठा होता. जवळ आलेला. पुन्हा. अजून जवळ. खांब दिसेना. गेट दिसेना.

सुजितनं छपाईची कळ दाबली. कोपऱ्यात चलनं छापायचं जुनं यंत्र करकरलं. कागद फाडला, पडदा बंद केला. बाकीची पाळी तो भिंतीला पाठ लावून बसला.

सकाळी त्यानं गेटवरून मोबाईल घेतला आणि चलनाचा कागद घडी घालून खिशात ठेवून मोशीला गेला.

"ही तर निस्ती अक्षरं," विजयश्री म्हणाली.

"लांबून बघा." त्यानं कागद समोरच्या भिंतीशी धरला. ती उंबऱ्यापाशी जाऊन बसली.

तिनं डोळे बारीक केले.

"दाढी करायची ऱ्हायली," ती म्हणाली.

मग म्हणाली, "असं मान वळवून का हुबं हायेत? कुनी हाक मारली का त्येंला?"

सुजितनं मान खाली घातली.

"जानाऱ्याला हाक मारत्यात व्हय, भावजी..."

तिनं डोक्यावर पदर घेतला. निघणाऱ्याला आपण 'ये' म्हणतो, 'जा' कधी म्हणत नाही. त्या बाईनं जन्मात नवऱ्याला म्हटलं नसेल. तेव्हा म्हणाली.

"जावा आता."

उठली, परातीत पीठ घेतलं, एक भाकरी थापली. भिंतीकडं न बघता सगळी खाल्ली. खाताना डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलं नाही.

सुजित जिना उतरला तोच मोबाईल वाजला. धोंडीबा.

"सुजित, ज्ञानेशचं नाव हजेरीच्या मशीनमधनं काढलंस ना रं?"

गेटवर तशी मशीनं दोन, एक आत यायचं, एक बाहेर जायचं. तोंड ओळखलं की 'थँक यू' म्हणतं आणि नाव दाखवतं.

"त्याच आठवड्यात काढलं, काका. का?"

धोंडीबानं आवाज खाली आणला.

"आत्ता थँक यू म्हनलं. नाव त्याचंच आलं. गेटवर मी येकटा हाय..."

"कुठलं मशीन?"

"भाईर जायाचं."