मंग ग्रेड कावून कमी?

अकोला स्टेशनवरून कृषी विद्यापीठाकडे निघालेल्या ऑटोत मागच्या सीटवर तिघं कोंबून बसले होते. एका कडेला टोपली मांडीवर घेतलेली म्हातारी, मध्ये दामिनी, आणि दुसऱ्या कडेला एक उंच, चष्मेवाला मुलगा. तो फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होता की पुढचा ऑटोवालाही कान देऊन ऐकत होता.

"अबे, एमएस्सीची यादी पाह्यली का तू? उद्यानविद्येची? ते दामिनी होळे नाव पाह्य. प्रवेशाच्या टेस्टमधी तिच्यावर दोघंच हायेत. आता बाजूले तिची ग्रेड पाह्य... हसून राह्यला ना? काठावर पास हाय ना बे! मंग काय तं... कॉपी. दुसरं काय असनार?"

दामिनीचे कान तापले. भातकुलीहून पहाटे निघताना तिनं ठरवलं होतं, आज कोणाशी वाद घालायचा नाही. कागदपत्रं तपासून घ्यायची आणि गुमान परत यायचं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. विद्यापीठाच्या फाटकाशी ऑटो थांबला. तिनं पैसे दिले आणि वाकून आत पाहिलं.

"भाऊ, ते आडनाव होले हाय. होळे नाई. बदनामी करता तं नाव तरी नीट घ्या."

मुलाचा फोन कानालाच राहिला. म्हातारी मात्र पदरात तोंड लपवून हसली.

बाहेर बारीक भुरभूर चालू होती आणि वर चक्क ऊन पडलं होतं. दामिनी झाडांखालून झपाझप चालत निघाली. मागून चपलांचा फटफट आवाज आला.

"ओ... थांबा ना जराशा! माफ करा मले."

"केलं."

"असं नाई. मनापासून."

"मनापासून करायले मन जाग्यावर लागते. माह्यं सध्या यादीत अडकलं हाय."

तो तिच्या बरोबरीनं चालू लागला. चष्म्यावर थेंब साचले होते, पण त्याला पुसायचं सुचत नव्हतं. मग त्यानं एकदम विचारलं, "मंग ग्रेड कावून कमी?"

दामिनी थांबली.

निकाल लागल्यापासून तिला उत्तरंच मिळत होती. वर्गातल्या मुली म्हणाल्या, कॉपी. मामा म्हणाला, नशीब. एक सर म्हणाले, कॉम्प्युटरची चूक असेल. एवढ्या लोकांत कोणी तिला साधा प्रश्न विचारला नव्हता. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुमीच शोधा," ती म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू तिनं महत्प्रयासानं आवरलं.

त्याचं नाव योगेश. जठारपेठेत त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. कागदपत्रांच्या रांगेत तो नेमका तिच्या मागे उभा राहिला. खिडकीवरच्या बाईंनी दामिनीचे कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला. "टेस्ट एवढी चांगली, बाई, अन् हे काय? इथं टेस्ट अन् ग्रेड दोन्ही धरतात. तुमचं काही सांगता येत नाही... शेवटच्या जागेवर अडेल."

योगेशचे कागद पाहून त्याच बाई गोड हसल्या. त्याच्या ग्रेड पहिल्या सेमिस्टरपासून वरच्या होत्या. टेस्ट मात्र बेताची.

कॅन्टीनमध्ये आलूबोंडा खाताना दामिनीनं डाव उलटवला. "तुमची ग्रेड एवढी भारी, मंग टेस्ट कावून कमी?"

योगेशनं आलूबोंडा खाली ठेवला. "मले... मालूम नाई. कोनी विचारलंच नाई आजवर."

"मंग तुमीबी शोधा."

शोध फोनवर सुरू झाला. रोज संध्याकाळी त्याचा एक अंदाज यायचा.

'आजारी होती का?'

'नाही.'

'सरांसंग भांडण?'

'एकदाच झालं. त्यानं एवढे मार्क जात नाही.'

घट बसले, माळा चढत गेल्या, आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एके दिवशी त्याचा अंदाज जरा चाचरत आला. 'कोणी मनात होतं का... म्हणजे अभ्यासात लक्ष लागू नये असं?'

दामिनीनं तो तीनदा वाचला. मग लिहिलं, 'तेव्हा नव्हतं.' पाठवायच्या आधी 'तेव्हा' खोडून टाकलं. पाठवून झाल्यावर मात्र तिला वाटलं, ठेवायला हवं होतं की काय...

दसऱ्याच्या दोन दिवस आधी योगेश भातकुलीला त्यांच्या वावरात येऊन उभा राहिला. दामिनीचे वडील किसनराव झेंडू तोडत होते. आई, शकुन, ताडपत्रीवर फुलं पसरत होती.

"अकोल्याहून आलो, काका. आईनं सांगितलं, दसऱ्याले झेंडू घेऊन ये," योगेश म्हणाला.

किसनरावांनी कंबर सरळ केली. "अकोल्याच्या बजारातला झेंडू सरला काय, बावा?"

"तसं नाई काका... इथला ताजा असते म्हने."

"हं. ताजा तं असते." किसनराव पुन्हा वाकले, पण शकुनकडे एक नजर टाकूनच. शकुननं ताडपत्रीवरच्या फुलांकडे मान खाली घातली.

दामिनी त्याला शेवंतीच्या वाफ्यांकडे घेऊन गेली. झाडं कळ्यांनी भरली होती. फक्त रस्त्याकडच्या एका ओळीत नुसता हिरवागार पाला होता, कळी नावाला नव्हती.

"ही ओळ कावून अशी?" योगेशनं विचारलं.

"वर पाह्य."

त्यानं वर पाहिलं. विजेचा खांब होता आणि खांबावर दिवा.

"रातभर जळते तो," दामिनी म्हणाली. "शेवंतीले कळी धरायले लांब अंधार पायजे. रात मोठी होत गेली का तिले समजते, आता फुलायचं. या ओळीले वाटते अजून दिवसच मोठे हायेत..."

आणि मग ती सुरूच झाली. पानाला अंधार कसा कळतो, मधूनच थोडा उजेड पडला तर काय होतं, दिवाळी साधायची म्हणून माणसं मुद्दाम दिवे कसे लावतात, मागच्या वर्षी तिनं चार झाडांवर पोतं टाकून काय पाहिलं, आणि पाचव्या झाडानं तिला कसं खोटं पाडलं. ती बोलताना वाकत होती, पानं उलटून दाखवत होती, ओढणी खांद्यावरून निसटत होती आणि तिला भान नव्हतं. योगेश आधी झाडाकडे पाहत होता. नंतर झाडाकडे पाहायचं राहूनच गेलं.

सावल्या लांबल्या. शकुननं चहासाठी दोन हाका मारल्या, तेव्हा दामिनी थांबली.

योगेशनं हळूच विचारलं, "पेपरातबी असंच लिहितं का तू?"

तिनं मान खाली घातली.

"पयल्या प्रश्नातच अडकतो जीव. एक लिवलं का त्याच्यातून दुसरं निंगते... मंग घंटा वाजते. बाकीचे प्रश्न कोरे. चार वर्ष हेच झालं. टेस्टमधी नुसतं गोल काळं करायचं असते, तिथं थांबाच लागते." तिचा आवाज बारीक झाला. "सगळे म्हनतात, येवढं कर, मुद्द्याचं लिव. जमतच नाई मले."

"अन् मले मुद्द्याचंच जमते," योगेश म्हणाला. "पाठ केलं, लिवलं, विसरलो. टेस्टमधी जरा वाकडं विचारलं का माह्या डोक्यात उजेडच पडत नाई."

दोघंही हसले. हसता हसता त्यानं तिच्या खांद्यावरून घसरलेली ओढणी सावरायला हात पुढे केला... आणि किसनरावांचं खोकणं ऐकून तोच हात शेवंतीच्या पानाकडे नेला.

दसरा झाला आणि अंतिम यादी लागली. उद्यानविद्येची शेवटची जागा योगेशला मिळाली. त्याच्या खाली, प्रतीक्षेत पहिलं नाव दामिनीचं होतं.

फोन त्याचाच आला. "मी सोडतो जागा. आपोआप तुले भेटते."

"खबरदार!" दामिनीचा आवाज चढला. "तुह्या दयेवर शिकू का मी? चार वर्ष घासली तू. ते जागा तुही हाय."

"अगं पन तुले जास्त येते..."

"मले येते ते मले मालूम हाय. तू आता ठेव फोन."

तिनंच ठेवला. नंतर त्याचे संदेश येत राहिले, ती वाचत राहिली, पण उत्तर देईना. राग त्याच्यावर नव्हता. पण त्याचा आवाज ऐकला की ती यादी डोळ्यांपुढे यायची आणि रडू यायचं. ती दिवसभर फुलांचे हार करत बसायची. शकुन जेवताना तिच्या ताटात पोळी जास्त वाढायची.

देशपातळीवरची टेस्टही देऊन तिनं तिथल्या यादीत नाव नोंदवलं होतं, पण पहिल्या फेरीत नाव न आल्यावर तिनं आशा सोडली होती. तिथं जागा निव्वळ टेस्टवर मिळायची, ग्रेड फक्त ठरलेल्या मर्यादेच्या वर असली की झालं. दामिनीची ग्रेड त्या मर्यादेच्या वर होती, केसभर का होईना. उशिराच्या फेरीत तिचं नाव हैदराबादला लागलं.

किसनरावांनी बातमी ऐकून हातातला विळा खाली ठेवला आणि नुसतं म्हटलं, "चाल, मीच येतो पोचवायले."

त्या संध्याकाळी दामिनीनं योगेशला दोनच शब्द पाठवले. 'हैदराबाद लागलं.'

लगेच उत्तर आलं, 'गाडी कोणती?'

अमरावतीहून निघालेली गाडी अकोल्याला थांबली. दामिनी खिडकीतून मान उंचावून फलाट पाहत होती, आणि आपण तसं काही करत नाही असं वडिलांना दाखवतही होती. फलाटावर तो दिसला नाही. तिनं मान आत घेतली... तर योगेश समोर उभा, हातात पेढ्यांचा पुडा.

"काका, वाशीमपर्यंतचं तिकीट काढलं हाय," तो घाईघाईनं म्हणाला. "वाशीमले काम हाय थोडं."

"काय काम?"

"ते... तिथं गेल्यावर ठरवतो."

किसनरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "हवा खाऊन येतो दरवाजात," म्हणाले आणि निघून गेले.

गाडीनं वेग घेतला. दोघं समोरासमोर बसले. योगेशनं पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला.

"रागावली अजून?"

"तुह्यावर नव्हतीच रागावली."

"मंग बोलत कावून नव्हती?"

"बोलली असती तं रडली असती." तिनं पेढ्याच्या पुड्याचा दोरा सोडवायला घेतला. गाठ सुटेना. "तू खरं सांग. कायले आला गाडीत?"

योगेशनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "एक विचारायचं होतं... फोनवर विचारायची हिंमत नाई झाली."

"विचार ना."

"तू तिकडे दोन वर्ष राहशीन. तिथं नवे लोक, नवी शेवंती... मी अकोल्यात. तरी... मी आवडतो का तुले?"

दामिनीची बोटं गाठीवरच थांबली. खिडकीतून वारा आत येत होता, केस चेहऱ्यावर येत होते, आणि ते मागे सारायच्या निमित्तानं तिनं क्षणभर तोंड लपवलं. मग हात खाली घेऊन तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आवडतो," ती म्हणाली. "ऑटोतून उतरून मागं पळत आला ना, तवापासून."

योगेशनं हात पुढे केला. या वेळी त्यानं तो मागे घेतला नाही. तिच्या बोटांवर हात ठेवून तो गाठ सोडवू लागला, आणि गाठ सोडवायची कोणालाच घाई नव्हती. मग विद्यापीठाच्या गोष्टी निघाल्या, हॉस्टेलच्या निघाल्या, दिवाळीला ती केव्हा येणार, तो केव्हा जाणार... गाडी मध्ये एकदा थांबली, चहावाल्यांचा गलका झाला, पुन्हा सुटली.

किसनराव परत आले तेव्हा दोघं दचकून मागे सरले. वडिलांनी सीटखालून डबा ओढला, उघडला, पोळीवर ठेचा घातला आणि योगेशपुढे धरला.

"घे, खा. वाशीम तं केव्हाच गेलं."

"काय?" योगेश ताडकन उठला.

"मी दरवाजातच होतो ना. म्हटलं, काम जरूरीचं असतं तं पोरगं उतरलं असतं." किसनरावांनी दुसरी पोळी लेकीला दिली आणि तिच्याकडे न पाहताच हसले. "बस, बावा. आता पुढं हिंगोलीले उतरजो."

दामिनीनं शेजारची पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.