भाकरीतलं जहर

ताटात भाकरीचे नऊ तुकडे होते. चार शाबूत, पाच चावून टाकलेले. वरणाची वाटी चाटूनपुसून रिकामी. शेजारी सीताफळाच्या बिया; फळ मात्र सगळं खाल्लेलं.

हवालदार आश्रुबांनी ते ताट मांजरसुंब्याहून पुरावा म्हणून सरकारी दवाखान्यात आणलं होतं.

"सून जहर घालती, अशी सासूची तक्रार हाय, मॅडम. पर यातला तुकडा दारातल्या कुत्र्यानं खाल्ला. ते आजून माझ्यावरच भुंकतंय."

डॉ. सुकन्याने समोर पाहिलं. बाकावर तिघं होती. नाक्यावर सीताफळं विकणारी सत्तरीची जैनबबी, तिचा मुलगा जावेद आणि सून लुबना. लुबना भिंतीकडे बघत होती. रडून झालं होतं की रडायचं राहिलं होतं, कळत नव्हतं.

"तुमी जहर म्हणलं," जावेद एकसुरात म्हणाला, "की हिला आजच माहेरी सोडतो. लेकरू माझ्याकडं ऱ्हाईल."

सुकन्या स्टूल ओढून म्हातारीजवळ बसली.

"अम्मा, जहर कशावरून म्हणता?"

"जलमभर मी भाकर खाल्ली. आता भाकर मला खाती. जबडा धरतो."

"पहिल्याच घासाला?"

"न्हाई. जरा चावल्यावर. थांबलं की उतरतं."

"वरणानं?"

"न्हाई."

"वरण कोण करतं?"

जैनबबी गोंधळली. "हीच की."

"आणि सीताफळ?"

"ते मी निवडते. त्यात कोण काय घालणार? पर ही डोक्याच्या तेलातबी काहीतरी मिसळती. फणी लावली की कानशील पेटतं. भिंतीआड माझ्या मरणाचं बोलती." ती जावेदकडे वळली. "दस्तगीर, सांग की यांना."

"दस्तगीर माझे अब्बा," जावेद म्हणाला. "कवाच वारले. महिन्याभरापासून असंच चाललंय."

सुकन्याने आश्रुबांचा डबा मागून घेतला. त्यांच्या बायकोच्या हातची भाकरी. जैनबबी निवांत खाऊ लागली. थोड्याच घासांत हात जबड्याकडे गेला.

"याची बायकोबी सामील हाय!"

"तसा मलाबी संशय हाय," आश्रुबा पुटपुटले.

सुकन्याने म्हातारीची कानशिलं चाचपली. डावीकडची शीर दोरीसारखी कडक होती. जैनबबी कळवळली. बोटांखाली ठोका लागला नाही.

"जहर नाही," सुकन्या म्हणाली. "वरण आणि भाकरी एकाच हातची, पण दुखतं ते भाकरीनं. दुसऱ्या घरच्या भाकरीनंही दुखलं. म्हणजे प्रश्न चावण्याचा. जबड्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या सुजून अरुंद झाल्यात. चावताना रक्त पुरत नाही, थांबलं की पुरतं. कानशिलाची शीरही तशीच सुजलीय. फणी तिलाच लागते."

"आन ते भिंतीआडचं बोलणं?" जावेदनं विचारलं.

"मेंदूच्या वाहिन्या सुजल्या की माणूस विसरतो, त्याला भास होतात, तो संशय धरतो. अम्मांचं दुखणं खरं आहे. गुन्हेगार तेवढा चुकीचा धरला."

सुकन्या उठून सुई भरू लागली.

"थांबलो तर डोळ्यांना रक्त नेणाऱ्या वाहिन्याही बंद होतील, डोळे जातील. सूज उतरवायचं इंजेक्शन आत्ताच देते. रक्तही तपासू. या वयात उभ्या नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी तासाभरात तीस-पस्तीस मिलिमीटर खाली बसल्या तर ठीक. अशी सूज असेल तर त्या पुष्कळच जास्त बसतात."

"लुबना," जावेद म्हणाला.

त्याच्याकडे न बघता तिने उठून सासूची बाही वर सारली आणि सुई टोचेपर्यंत तो हात धरून ठेवला.

तासाभराने सुकन्याने नळी वाचली. एकशे चौदा मिलिमीटर.