डाव्या कानावरची खाच

तो आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने माखले होते.

"सेगामेत्सी तुम्हीच का?" काटेरी कुंपणापलीकडून त्याने विचारलं. "मी ओराबिले. आजीच्या शेळ्या परत न्यायला आलोय."

त्याच्या आजीने आपल्या चार शेळ्या माझ्याकडे सांभाळायला दिल्या होत्या. आमच्या शोशोंग गावाकडे तशी रीतच आहे. शेळ्या त्यांच्या, दूध आपलं, आणि नीट सांभाळल्या तर अधूनमधून एखादं करडूही. पण गेल्या वर्षी माझ्या हातून दोन करडं दगावली, आणि म्हातारीचा विश्वास उडाला. त्या चार शेळ्या गेल्या, तर माझा वाडा रिकामाच होणार होता...

"न्या," मी म्हटलं. "पण ही तांबडी व्यायला आलीय, आत्ता चालायची नाही."

तांबडी बाभळीच्या विरळ सावलीत पडून कण्हत होती. करडाचं नाक दिसत होतं, आणि एकच खूर. दुसरा पाय आतच मागे दुमडलेला. ओराबिलेने बाह्या सारल्या आणि सरळ त्या खुरालाच हात घातला.

"ओढू नका. तिचं डोकं धरा आणि गप्प बसा."

"दोन्ही एकदम जमेल असं नाही," तो म्हणाला. पण गुडघ्यांवर बसला.

कळ ओसरल्यावर मी करडाचं डोकं हलकेच आत लोटलं. चाचपडत गुडघा सापडला, मग खूर. आत कुठे फाटू नये म्हणून खूर तळव्यात झाकून घेतला आणि हळूहळू पुढे आणला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरणार, इतक्यात — एका बाहीने तो अलगद टिपला. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर हातातला खूर निसटला असता.

पुढच्या कळेला करडू बाहेर आलं. निपचित. मी नाकातोंडातला चिकटा पुसला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. काहीच नाही. त्याने सदरा काढून माझ्याकडे दिला. त्या सदऱ्याने मी करडाची छाती चोळत राहिले, चोळत राहिले... आणि ते शिंकलं.

"एवढा एकच चांगला सदरा होता माझा."

"आता करडाचा."

त्या दिवशी शेळ्या गेल्या नाहीत. त्याने आजीला काय सांगितलं, कोण जाणे. तो मात्र करडू बघायला म्हणून वरचेवर येऊ लागला. माझ्या हातची आंबट पेज प्यायचा, तिला नावं ठेवायचा आणि आणखी मागायचा. करडाकडे फारसं बघायचा नाही.

करडू चरायला लागलं, तेव्हा तो कानावर खूण करायला आला. त्यांच्या घरची खाच उजव्या कानाला, आमची डाव्या. मी करडू मांडीवर घट्ट धरलं. त्याने सुरी चालवली... डाव्या कानावर.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. जन्मभर शेळ्यांच्या कानांवर खाचा पाडत आलेला माणूस.

"चूक झाली," तो सुरी पुसत म्हणाला. "आता हे तुझ्या घरचं. आजी मला दारात उभं करायची नाही."

"मग?"

"माझे मामा येतील... तुझ्या घरच्यांशी बोलायला. घर एकच झालं, तर कान कुठला, कोण विचारतंय?"

मी करडाच्या कानाला राख लावली. सावकाश, वर न बघता.

"मामांना सांग, पावसाआधी या म्हणावं," मी म्हटलं. "नदीला पाणी आलं की वाट बंद होते."