खिळ्यावरची किल्ली

"बाळाला आधी सावलीत घ्या. मग काय धावायचं ते धावा."

रस्त्याच्या मधोमध उभं राहून कोणीतरी मला दटावत होतं. मी मान वर करून पाहिलं. कपाळावर चढवलेला वेल्डिंगचा काळा चष्मा, हातात पाना, आणि चेहऱ्यावर असा राग की जणू मी त्याच्याच घरातलं मूल पळवून चालले आहे. करंजीचा घाट उतरताना डाव्या नडगीत जे दुखायला लागलं होतं ते आता गुडघ्यापर्यंत चढलं होतं. बाबागाडीचं पुढचं चाकही मघापासून वाकडंतिकडं पळत होतं.

"ह्यात बाळ नाहीये," मी म्हटलं.

त्या दिवसात हे वाक्य मी चौथ्यांदा म्हणत होते.

ओंकार, निकिता आणि मी, असे आम्ही तिघं वसईच्या समुद्रापासून विशाखापट्टणमच्या समुद्रापर्यंत धावत निघालो होतो. का, ते विचारू नका. वसईत असताना उत्तर माहीत होतं. सामानासाठी ओंकारने कोणाची तरी जुनी बाबागाडी आणली होती, आणि ती ढकलायची पाळी बहुतेक वेळा माझ्यावरच यायची. त्या दोघांचं लग्न ठरलेलं. त्यांना एकमेकांच्या पावलाला पाऊल लावून धावायचं असे. तीन तिघाडा, काम बिघाडा... आणि तो बिघाडा गाडी ढकलत मागून येत असे.

दहा दिवसांत मात्र आम्हाला कोणी उपाशी झोपू दिलं नव्हतं. आदल्याच संध्याकाळी भिंगारच्या दीनाबाईंनी, निवृत्त शिक्षिका त्या, आमचे सहाच्या सहा पाय मिठाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवले होते आणि स्वतःचा पलंग आम्हाला देऊन त्या खाली झोपल्या होत्या. अशा लोकांचे प्रश्न मात्र सगळीकडे तेच. बाळ कुठंय? कशासाठी धावता? घरी कोण असतं? तिसऱ्या प्रश्नाला मी "कोणी नाही" म्हणायची आणि घाईने चहा प्यायची. आई गेल्यापासून बदलापूरच्या त्या घरात मी आणि कुलूप, दोघंच राहत होतो.

वेल्डिंगवाल्याचा माझ्यावर विश्वास बसेना. मी गाडीची टोपी मागे सारली. आत वाळत घातलेले मोजे, सहा केळी आणि सगळ्यांत वर ओंकारची हाफपॅन्ट. तो ते सगळं फार गंभीरपणे बघत राहिला. मग त्याचे कान लाल झाले.

"मला वाटलं..." तो म्हणाला. "चाक तर गेलंच हाय तुमचं. बसा. करून देतो."

मी बसले, आणि मग मला उठताच येईना.

त्याचं नाव कानिफनाथ. नगरला आयटीआय करून गावातच पत्र्याच्या शेडमध्ये त्याने दुकान टाकलेलं. त्याने आपल्या मोटारसायकलवरून मला तिसगावच्या डॉक्टरांकडे नेलं. ओंकार आणि निकिता तिथवर पोचलेलेच होते. डॉक्टर म्हणाले, हाडाला सूज आहे, चार दिवस पाऊल उचलायचं नाही. त्या दोघांच्या सुट्ट्या मोजून घेतलेल्या. निकिता रडली, मी तिला समजावलं, आणि दुकानावर परत येऊन, पाठीवर मावेल तेवढं सामान घेऊन ते पुढे गेले. बाबागाडी मोडकी, मी मोडकी... आम्ही दोघी कानिफनाथच्या गावात राहिलो.

माझी सोय त्याच्या शेजारच्या मुक्ताबाईंकडे झाली. दर साली त्या ऊसतोडीला जायच्या. यंदा कंबरेने दगा दिला म्हणून घरी. "पायाला भिंगरी लागलीय तुज्या," असं म्हणत त्यांनी माझ्या नडगीवर एरंडाची गरम पानं बांधली आणि हुलग्याची शेंगोळी पुढ्यात ठेवली. मी कोण, कुठली, हे त्यांनी माझं जेवण झाल्यावर विचारलं.

दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं. मी दुकानासमोर बाजेवर पाय ताणून बसायची आणि तो काम करायचा. ठिणग्या उडायला लागल्या की न बघता म्हणायचा, "डोळं मिटा." मी मिटायची. आवाज थांबला तरी काही वेळ तशीच राहायची, कारण मग तो म्हणायचा, "उघडा आता. झालं कवाच." त्याच्या आवाजात जरा हसू असायचं. थकलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

बाळावरून एवढे का चिडला होतात, असं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्याने पाना पुसायला घेतला. आईवडील ऊस तोडायचे तेव्हा तोही तान्हेपणी फडाच्या कडेला, बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचा, म्हणाला. सावली सरकली की झोळी उन्हात यायची, आणि आईला कोयता टाकून यायला जमायचं नाही. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. आईला मात्र सगळं आठवत होतं.

आणखी एक गोष्ट मी बघत होते. शेडच्या मागच्या भिंतीवर फळी, फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. एकीला लाल रिबन, एकीला बांगडीचा तुकडा, एकीला शर्टाचं बटण.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातली ऊसतोडीची शेवटची टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, चुली, कोंबड्यांची खुराडी, आणि त्या सगळ्यावर माणसं. रंगनाथ म्हणून एक जण खाली उतरला, त्याने घराची किल्ली कानिफनाथच्या हातात दिली, म्हातारीच्या तुळशीला पाणी घालायला सांगितलं आणि पुन्हा वर चढला. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत कानिफनाथ हात वर करून उभा होता.

"सगळ्या गावाच्या किल्ल्या तुमच्याकडे?" मी विचारलं.

"जे जात्यात त्यांच्या. म्होरं उन्हाळ्यात आले की आधी हितं यायचं, चहा प्यायचा, किल्ली घ्यायची, मग घर. कितीबी दमलेलं असू द्या, परस्पर घरी कुनी जात न्हाई."

"तुमच्या आईवडिलांची?"

त्याने निळ्या दोऱ्याची किल्ली दाखवली; आपली खोली बंद करून तेही ऊसतोडीला गेलेले. मी विचारलं, मग तुमची किल्ली कोणाकडे असते?

"माजी कशाला कुनाकडं? मी कुटं जातो." त्याने नवी किल्ली खिळ्याला लावली. "पोचवायचं काम माझ्याकडं हाय, मॅडम. लहानपनापास्नं पोचवतोय. जानाऱ्याचा थकवा सगळ्यांना दिसतो..."

त्याने चष्मा खाली ओढला आणि उगाचच ग्राइंडर चालू केला. मी डोळे मिटले नाहीत. मला त्या क्षणी तो फार आवडला, आणि त्याच वेळी लक्षात आलं की पोचवायच्या माणसांत परवा माझीही भर पडणार आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ओंकारचा फोन आला. ते माजलगावला पोचले होते. उगीच हट्ट करू नकोस, तो म्हणाला. घरी जा, आराम कर, शेवटी रेल्वेने विशाखापट्टणमला ये. अखेरचे दहा किलोमीटर तिघं मिळून धावू. फोटोत कोणाला काय कळणार आहे? तो प्रेमानेच बोलत होता. आणि खरं सांगते, मला ते पटलं. मला बिछाना हवा होता. ज्या घरात कोणी वाट बघत नाही तिथलाही चालला असता.

मी कानिफनाथला सांगितलं, सकाळच्या एसटीने जाते. तो गाडीच्या नव्या चाकात तेल सोडत होता. कोणाच्या तरी लहान सायकलचं चाक शोधून त्याने त्याला नवा आस करून बसवला होता. मला वाटलं, आता म्हणेल, थांबा अजून दोन दिवस. मी चक्क त्याची वाट पाहत होते.

"आई म्हनती, फडात दुपारी काई ठरवू न्हाई," तो म्हणाला. "दुपारी समद्यांनाच घरी जावंसं वाटतं. सकाळी ठरवा."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपेग?"

"तरीपण... सांगा."

तेलाची बाटली त्याने खाली ठेवली. "तुमी एसटीनं गेल्या तर थकून गेल्या असं व्हईल. मग हे गाव तुमाला नको वाटंल. आठवलं तरी नको वाटंल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "ते मला न्हाई चालायचं."

एवढं बोलून तो घरी निघून गेला. दुकान उघडंच.

सकाळी मी मुक्ताबाईंच्या ओट्यावर उभी राहून पाऊल टाकून पाहिलं. दुखलं, पण सोसवेल इतकं. निकिताला फोन केला. ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली की सुट्टी वाढवून घेऊ, पण तू गाठेपर्यंत आम्ही रोज निम्मंच धावू. मुक्ताबाईंनी बाजरीच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून गाडीत ठेवला, तान्हं बाळ निजवावं तसा, कड दाबून.

कानिफनाथ पाठमोरा बसून चाकाचा शेवटचा नट आवळत होता. बाजेपाशी मी बूट बांधल्याचं त्याला कळलं असणार, कारण नट केव्हाच घट्ट झाला होता आणि तो तरीही आवळत होता. मी पाउचमधून माझी किल्ली काढली. बदलापूरच्या घराची. वसईपासून कमरेला टोचत होती ती. केसांचा हिरवा रबर काढून तिला गुंडाळला आणि फळीवर निळ्या दोऱ्याच्या शेजारी एक खिळा रिकामा होता, तिथे अडकवली.

आवाज झाला तसा तो वळला. त्याची नजर त्या किल्लीवर गेली.

"ही... कुनाची?"

"जाणाऱ्याची."

"नियम ठावं हाय ना? परस्पर घरी जाता येत न्हाई."

"म्हणून तर लावली."

त्याचे कान पहिल्या दिवसासारखेच लाल झाले. त्याने हात पुसले, एकदा, दोनदा, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मी म्हटलं, समुद्र गाठायला संक्रांत उजाडेल, पाय नीट राहिला तर. आणि न राहिला तर लंगडत येईन.

"मी पोचवायला येनार न्हाई वेशीपर्यंत," तो म्हणाला. "सांगून ठेवतो. ह्या बारीला फकस्त वाट बघनार."

"मग मला मॅडम म्हणू नकोस."

"राजेश्वरी," तो म्हणाला. मोठं नाव आहे माझं, शाळेत सगळे कंटाळायचे. त्याने पूर्ण घेतलं, सावकाश. "सावकाश जा. मला तुजी सवय झालीय."

मी गाडी ढकलली. चाक आता सरळ चालत होतं. नडगी दुखत होती, ऊन चढत होतं, आणि अर्ध्याहून जास्त देश अजून पुढे पडला होता. त्यातलं काहीच कमी झालं नव्हतं. मी फक्त मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पुढे गेले नसते.

पाथर्डीच्या अलीकडे एक बाई शेताच्या बांधावरून धावत आली, आधी गाडीत डोकावली, बाळ शोधलं, भाकरी दिसल्या तशी हसली. मला लिंबाखाली बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. कशासाठी पळतीस, म्हणाली. मी म्हटलं, अजून नीट माहीत नाही.

"आन् घरी कोन असतं तुज्या?"

मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. ह्या वेळी मला घाई नव्हती.

"आहे एक जण," मी म्हटलं. "किल्ली त्याच्याकडे आहे."